लायनीवरच्या बाटलीत काय आहे, हे कुणी विचारायचं?

पोस्ट लांब आहे, पण पिरंगुट, भुकूम, घोटावडे, उरवडे किंवा हिंजवडीच्या कुठल्याही शेडमध्ये तुमच्या घरातलं कुणी सोल्डरिंगच्या लायनीवर बसत असेल, तर शेवटपर्यंत वाचा.

मुद्दा एकच आहे. सर्किट बोर्डावरचा फ्लक्स पुसायला कोणतं सॉल्व्हंट वापरायचं, हे आपल्या छोट्या कंपन्यांमध्ये परचेसवाला ठरवतो. लिटरचा भाव बघून. ज्या पोरीला ते आठ-दहा तास नाकासमोर ठेवून बसायचं असतं, तिला त्या बाटलीत काय आहे ते माहीत नसतं. बाटलीवर लेबल नसतं. पुष्कळदा ती पाण्याचीच जुनी बाटली असते, झाकणाला भोक पाडलेली. हा कंपनीचा अंतर्गत मामला आहे असं मला सांगू नका. हा मुळशीचा सार्वजनिक प्रश्न आहे.

मी इलेक्ट्रॉनिक्सच्या क्वालिटीत वीसेक वर्षं काढली आहेत, म्हणून आधी तांत्रिक बोलतो. सोल्डर नीट धरावं म्हणून फ्लक्स लावतात. तो साधारण तीन जातींचा. एक राळेचा, म्हणजे रोझिनचा. दुसरा पाण्यात विरघळणारा. तिसरा 'नो-क्लीन', म्हणजे मुळात पुसायचाच नाही असा. राळेचा फ्लक्स आयपीएने निघतो. दुसऱ्या जातीचा पाण्याने धुवावाच लागतो, नाहीतर त्यातली आम्लं तांबं खातात. आणि नो-क्लीन अर्धवट पुसला तर न पुसण्यापेक्षा वाईट. पांढरे डाग पडतात आणि जे बोर्डावर बंदिस्त होतं ते मोकळं होऊन पसरतं.

म्हणजे आधी फ्लक्स कोणता ते बघायचं, मग सॉल्व्हंट. आपल्याकडे काय होतं? तिन्हीला एकच औषध: थिनर. रंगाच्या दुकानातलं. त्यात काय काय मिसळलंय ते डब्यावर लिहिलेलं नसतं. टोल्युइन असतं, ॲसिटोन असतं, कधी मेथॅनॉलही असतं. बोर्डावरची छपाई उडते, काही प्लॅस्टिकच्या कनेक्टरला तडे जातात. एका कंपनीत (नाव घेत नाही) मी हे लेखी दिलं होतं. उत्तर आलं, "साहेब, बोर्ड चमकतोय ना?" चमकतो हो. राळ विरघळून सगळीकडे पातळ पसरली की चमकतोच. साफ झाला असा त्याचा अर्थ नाही.

आता माणसांकडे येऊ. टोल्युइनने डोकं दुखतं, गरगरतं, ते मेंदू आणि नसांवर परिणाम करतं, गरोदरपणात बाळाला धोका असतो. आपल्या लायनीवर बसतात कोण? विशी-तिशीतल्या मुली. डोकं दुखतं म्हणून गोळी घेऊन परत बसतात.

स्वस्त आणि लवकर उडणारं म्हणून सॉल्व्हंट बदललं की काय होतं, हे जगाने बघितलंय. चीनमधल्या सुझोऊत २००९ साली ॲपलच्या पुरवठादाराकडे टचस्क्रीन पुसायला अल्कोहोलऐवजी एन-हेक्झेन आणलं. का? लवकर वाळतं, काम भराभर होतं. हातापायांच्या नसा गेल्या, मुलांना चालता येईना. ॲपलने २०११ च्या स्वतःच्या अहवालात १३७ कामगार बाधित झाल्याचं मान्य केलं. दक्षिण कोरियात २०१५-१६ च्या सुमारास मोबाइलचे सुटे भाग बनवणाऱ्या छोट्या ठेकेदारांनी इथेनॉलऐवजी मेथॅनॉल वापरलं, कारण ते स्वस्त. विशी-तिशीतल्या कामगारांचे डोळे गेले. हे तेच मेथॅनॉल, ज्याने जून २०१५ मध्ये मुंबईच्या मालवणीत शंभरावर माणसं मेली. तिथे दारूतून पोटात गेलं म्हणून बातमी झाली. पण मेथॅनॉल श्वासातून आणि कातडीतूनही शरीरात जातं. तिथे ओरडायला कुणी नसतं.

आणि आग. ७ जून २०२१ मुळशीत कुणी विसरलेलं नाही. उरवड्याच्या कंपनीत १७ कामगार जळून गेले, त्यात बहुतेक बायका. ती कंपनी सोल्डरिंगची नव्हती, पाणी शुद्ध करायच्या गोळ्यांची होती, मला माहीत आहे. पण शेडमधलं रसायन, दाटीवाटीने बसलेल्या बायका आणि बाहेर पडायची अडचण, हे तिघं एकत्र आले की काय होतं ते आपण तिथे बघितलं. ते तिघं आजही आपल्या किती शेडमध्ये एकत्र आहेत?

आयपीए सुरक्षित आहे, असं मी म्हणतच नाही. त्याची वाफ साधारण १२ अंशांपासून पेट घेऊ शकते. टोल्युइनची ४ अंशांपासून, ॲसिटोनची शून्याखाली. आपल्या शेडमध्ये १२ अंशांखाली पारा वर्षातून किती दिवस जातो? त्यात शेजारी तापलेला आयर्न आणि लोंबकळणारा एक्स्टेंशन बोर्ड. ही वाफ हवेपेक्षा जड असते. म्हणून छताजवळ लावलेला पंखा फार तर तिला बाईच्या नाकासमोरून वर ओढतो. ओढून घेणारी सोय टेबलाशीच हवी. कापडी मास्कने वाफ अडत नाही. पातळ हातमोज्यांतून ॲसिटोन बघता बघता आरपार जातं.

आता नेहमीचं उत्तर येईल: "इतके नखरे केले तर धंदा गुजरातला जाईल." हे उत्तर जुनं आहे. एके काळी जगभर बोर्ड सीएफसी-११३ ने धुवायचे. १९८७ साली माँट्रियल करार झाला, तेव्हाही उद्योग म्हणाला की याच्याशिवाय जमणारच नाही. जमलं. पाण्याने धुणं आलं, नो-क्लीन फ्लक्स आला. इलेक्ट्रॉनिक्स बंद पडलं नाही, उलट वाढलं. ओझोनसाठी जे जमलं ते पिरंगुटच्या पोरींसाठी का जमू नये? आणि आयपीए काय परदेशातून आणायचंय? आपल्या तळोज्यात बनतं.

कायद्याचं बोलायचं तर भोपाळनंतर, १९८७ च्या दुरुस्तीने, धोकादायक प्रक्रिया असलेल्या कारखान्यांनी कामगारांना रसायनांची माहिती दिलीच पाहिजे असं ठरलं. पण जुन्या कारखाने कायद्यात वीज वापरणाऱ्या ठिकाणी १० कामगार ही मर्यादा होती, २०२० च्या संहितेत ती २० झाली. आपल्याकडची कितीतरी कामं बारा-पंधरा बायकांच्या गाळ्यात चालतात. एकोणीस जणींचं फुप्फुस वेगळं असतं का?

म्हणून मागण्या लिहून ठेवतो. ग्रामसभेत मांडता येतील अशा:

१. प्रत्येक बाटलीवर मराठीत नाव, धोका आणि पेट घेतो की नाही ते लिहा. सुरुवात आजच होऊ शकते, खर्च एका मार्करचा.
२. घटक न लिहिलेलं थिनर सफाईला बंद. मेथॅनॉल, हेक्झेन आणि ट्रायक्लोरोइथिलीन लायनीवर नकोच. शेवटच्याला तर जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेने २०१२ मध्येच कर्करोगकारक ठरवलंय.
३. जिथे गिऱ्हाईक मान्य करतं तिथे नो-क्लीन वापरा आणि पुसणंच थांबवा. सगळ्यात सुरक्षित सॉल्व्हंट म्हणजे न वापरलेलं सॉल्व्हंट.
४. टेबलावर दिवसापुरतंच, झाकणाच्या डब्यात. ड्रम शेडबाहेर. उरलेलं गटारात ओतायचं नाही. ते शेवटी मुळेत जातं.
५. औद्योगिक सुरक्षा व आरोग्य संचालनालयाने आणि पीएमआरडीएच्या अग्निशमन दलाने छोट्या गाळ्यांचीही तपासणी करावी आणि अहवाल पंचायतीत लावावा.

मालकांशी माझं वैर नाही. त्यातले कित्येक स्वतः कर्ज काढून, स्वतः आयर्न धरून उभे राहिलेत. त्यांना मोठ्या कंपन्या पैशापैशावर पिळतात, हेही खरं. मग त्या मोठ्या कंपन्यांना विचारा: तुमच्या ऑडिटमध्ये बोर्डाचा प्रत्येक सांधा भिंगाखाली तपासता, तो पुसणाऱ्या बाईच्या बाटलीचा वास एकदा तरी घेता का?

आज संध्याकाळी घरची मुलगी, सून, बहीण ड्युटीवरून आली की एवढंच विचारा, "बाटलीत काय असतं गं?" "माहीत नाही" असं उत्तर आलं, तर उद्या ते सुपरवायझरला विचारायला सांगा. एकटीने नको, चौघींनी मिळून.