प्रत्युत्तराची जागा

'मार्क्सवादी समीक्षा' या प्रकरणात विद्यार्थी फ्रेडरिक जेमसन यांचे एखादे मत उद्धृत करतो, तेव्हा ते सिद्ध सूत्र म्हणूनच अवतरते. ते मुळात एका नियतकालिकात मांडले गेले होते आणि तेथेच त्याला कडाडून विरोध झाला होता, याचा मागमूसही प्रबंधात उरत नाही. मार्क्सवादी विचाराला वाहिलेल्या नियतकालिकांचे मोल मात्र या विरोधातच शोधावे लागते.

'सोशल टेक्स्ट' हे नियतकालिक अमेरिकेत १९७९ मध्ये सुरू झाले. जेमसन त्याच्या संस्थापकांपैकी एक. तिसऱ्या जगातील सर्व संहिता अपरिहार्यपणे राष्ट्रीय रूपककथा ठरतात, असे प्रतिपादन त्यांनी १९८६ मध्ये त्यातच केले. पुढच्याच वर्षी याच नियतकालिकाने आपल्या संस्थापकाचे खंडन करणारा एजाज अहमद यांचा प्रदीर्घ लेख छापला. अहमद स्वतः मार्क्सवादी. त्यामुळे या खंडनाला आप्ताच्या तक्रारीची धार आहे. ज्याला सहप्रवासी मानले, त्याच्याच मांडणीत आपण परके ठरतो, ही त्यांची व्यथा होती. त्यांचा मूळ आक्षेप मात्र तर्काचा आहे. पहिले आणि दुसरे जग उत्पादनव्यवस्थेवरून ओळखायचे आणि तिसरे तेवढे बाहेरून लादलेल्या वसाहतवादाच्या अनुभवावरून, ही विभागणीच विषम होय. उर्दू साहित्याचे दाखलेही त्यांनी दिले. जेमसन यांनी त्याच अंकात संक्षिप्त उत्तर दिले. ते फारसे समाधानकारक नाही.

अहमद यांचा लेख पुढे १९९२ मध्ये 'इन थिअरी' या ग्रंथात समाविष्ट झाला आणि आपल्याकडे बहुधा ग्रंथातूनच वाचला गेला. वादाचा निष्कर्ष तेवढा पोहोचला, वाद पोहोचला नाही.

आपल्या विभागीय पत्रिकांतून लेखाला उत्तर क्वचितच येते. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१० मध्ये निबंधांना गुण देण्याची पद्धत आणल्यावर तर छापून येण्याचा हव्यास वाढला. वाचून हरकत घेण्याची निकड कोणाला राहिली नाही.

वास्तविक, येथून घेण्याजोगी हरकत उघड आहे. दया पवार यांचे 'बलुतं' (१९७८) राष्ट्राची रूपककथा म्हणून वाचायचे, तर महारवाड्याला ज्या गावाने वेशीबाहेर ठेवले, त्या गावाचे काय करायचे? जेमसन यांच्या सूत्रात जात बसत नाही. अहमद यांच्या खंडनाचाही रोख वर्ग, लिंगभाव आणि भाषा यांच्याकडेच अधिक आहे. हा तिसरा लेख मराठीच्या अभ्यासकाने लिहायचा होता.