पोरगं दहावी पास, अर्ज मात्र दुसऱ्याच्या हातचा

एक साधी परीक्षा घेऊन बघा. घरातल्या दहावीच्या पोराला सांगा, 'आपली डीपी जळालीय, वीज कंपनीला अर्ज लिही.' बरीच पोरं अडखळतील. शाळेत त्यांनी रोपं मागवण्याची आणि अभिनंदनाची पत्रं लिहिलेली असतात, तीही गाइडमधली. मग बाप तहसीलबाहेर बसलेल्या माणसाला पैसे मोजून अर्ज लिहून घेतो.

दोष अभ्यासक्रमाचा म्हणाल, तर तसं नाही. कुमारभारतीच्या ८० गुणांच्या लेखी परीक्षेत २४ गुण उपयोजित लेखनाला ठेवलेत. पत्र, बातमी, सारांश, निबंध सगळं त्यात येतं. पण पाठ करून मार्क मिळतात म्हटल्यावर लिहायला शिकतो कोण?

या बाबतीत मुंबईचा डिलाईल रोड आठवावा. सातारा, कोल्हापूर, कोकणातली आपलीच माणसं तिथल्या गिरण्यांत गेली, बीडीडीच्या चाळींत दाटीवाटीनं राहिली. ज्याला अक्षर येत नव्हतं, तो गावाकडचं पत्र दुसऱ्याकडून लिहून घेई. घरातलं भांडण, कर्जाचा आकडा परक्यापुढे उघडा पडे. लिहिता येणं ही तिथं अब्रूची गोष्ट होती.

आज त्या रस्त्याला ना. म. जोशी मार्ग म्हणतात. जोशी रायगड जिल्ह्यातल्या गोरेगावचे. आधी शिक्षक, मग कामगार पुढारी. १९११ साली त्यांनी सोशल सर्व्हिस लीग काढली. कामगारांसाठी रात्रशाळा आणि वाचनालयं हे तिचं मोठं काम.

त्याच गिरणगावात नारायण सुर्वे वाढले. गिरणी कामगारानं सांभाळलेलं अनाथ पोर. पडेल ते काम केलं, शाळेत शिपाई झाले, शिकून शिक्षक झाले. १९९५ मध्ये परभणीच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्ष, १९९८ मध्ये पद्मश्री. २०१८ साली आलेल्या दहावीच्या कुमारभारतीत त्यांची 'दोन दिवस' ही कविता आहे. कष्टकऱ्याच्या आयुष्याचीच कविता. आता गंमत बघा, ज्या पोराची आई रोज खुरपायला जाते, ते पोर या कवितेचा भावार्थ गाइडमधून उतरवतं! अर्थ त्याच्या घरात आहे, पण 'तुझ्या घरी काय दिसतं ते लिही' असं त्याला कुणी म्हणत नाही.

मास्तरांच्या मागे सरकारी कामांचा ससेमिरा आहे, हे खरं. म्हणून गावानंही हात लावावा. सरपंच, ग्रामपंचायत अधिकाऱ्यांनी ग्रामसभेला नववी-दहावीची पोरं बसवावीत. त्यांनी सभेची बातमी लिहावी, मास्तरांनी ती तपासावी. पाणंद रस्त्याचा, नळाचा खरा अर्ज वर्गात लिहून घ्यावा आणि चांगला असेल तो पंचायतीनं पुढे पाठवावा. गावात जुना गिरणी कामगार असेल, तर त्याला १९८२ च्या संपाची हकिकत विचारावी. आयता निबंध मिळेल, तोही कुठल्याच गाइडात नसलेला.

खर्च म्हणाल तर शंभर पानी वहीचा. पुढल्या ग्रामसभेच्या विषयपत्रिकेत हा विषय घाला, आणि तो अर्जही पोरांकडूनच लिहून घ्या.