स्टिकरवर ५२ सीसी, आत मात्र ४३? ग्रास कटर घेण्याआधी पिस्टनचं माप विचारा

धर्मापुरी : मजुरी वाढली, त्यात दसरा-दिवाळी झाली की अर्धं गाव ऊसतोडीला जातं. मागं राहिलेल्यानं बांधावरचं गवत कधी काढायचं आणि जनावराला घास कधी कापायचा? म्हणून धर्मापुरी, घाटनांदूर, परळी, अंबाजोगाई या पट्ट्यात पाठीवरचे, खांद्यावरचे पेट्रोल ग्रास कटर आणि छोटे पॉवर विडर घरोघर दिसायला लागले आहेत. कोणी दुकानातून घेतो, कोणी मोबाईलवरून मागवतो. घेताना मात्र सगळे एकच आकडा बघतात, तो म्हणजे सीसी. ५२ सीसी, ६३ सीसी, ६८ सीसी. आकडा मोठा तेवढी मशीन दमदार, असा सरळ हिशोब.

पण हा आकडा मोजून लिहिलेला असतो की नुसता चिकटवलेला, हे कोणी तपासत नाही. घोळ तिथंच आहे.

सीसी म्हणजे नेमकं काय?

पिस्टन खाली-वर होताना जेवढी जागा व्यापतो, ती जागा म्हणजे सीसी. त्याला दोनच मापं लागतात. एक, सिलिंडरच्या आतल्या भोकाची रुंदी. मेकॅनिक त्याला बोअर म्हणतात. दुसरं, पिस्टन वरून खाली किती सरकतो ते अंतर, म्हणजे स्ट्रोक. बोअर गुणिले बोअर गुणिले स्ट्रोक, आणि आलेल्या उत्तराला ०.७८५ ने गुणायचं. मापं सेंटिमीटरमध्ये धरायची. झालं.

बाजारात जास्त चालणाऱ्या चिनी बनावटीच्या दोन-स्ट्रोक कटरमध्ये दोन इंजिनं नेहमीची आहेत. दोन्हीचा स्ट्रोक ३४ मिलिमीटर. एकाचा बोअर ४० मिलिमीटर, दुसऱ्याचा ४४. आता हिशोब करा. ४ × ४ × ३.४ × ०.७८५ म्हणजे ४२.७ सीसी. ४.४ × ४.४ × ३.४ × ०.७८५ म्हणजे ५१.७ सीसी. पहिलं ४३ सीसीचं, दुसरं ५२ सीसीचं. बाहेरून दोन्ही सख्खे भाऊ. तीच टाकी, तसंच कव्हर, तसाच स्टार्टर. फरक फक्त चार मिलिमीटरचा, आणि तो आत झाकलेला.

म्हणूनच ४० च्या इंजिनावर ५२ चं स्टिकर लावणं सोपं जातं. घेणाऱ्याला सव्वासतरा टक्के इंजिन कमी मिळतं आणि कळतही नाही. ६३ आणि ६८ चा हिशोबही करून बघा. स्ट्रोक ३४ च राहिला तर ६३ सीसीसाठी बोअर साडेअठ्ठेचाळीस मिलिमीटरच्या आसपास पाहिजे, ६८ साठी साडेपन्नास. पिस्टन ४४ चा निघाला आणि स्ट्रोक तोच असला, तर वरचा आकडा खोटा.

इंजिनावरचा नंबर वाचा

स्टिकर बदलता येतं, पण इंजिनाच्या अंगावर किंवा प्लेटवर इंग्रजीत एक नंबर असतो. ‘१ई४०एफ’ असा असेल तर १ म्हणजे एक सिलिंडर, ई म्हणजे दोन-स्ट्रोक, ४० म्हणजे बोअर ४० मिलिमीटर आणि एफ म्हणजे हवेवर थंड होणारं. ‘१ई४४एफ’ असेल तर बोअर ४४. चार-स्ट्रोक विडरवर ‘१६८एफ’ किंवा ‘१७०एफ’ असतं. तिथं बोअर ६८ आणि ७० मिलिमीटर. ६८ बोअर आणि ५४ स्ट्रोक धरला तर १९६ सीसी होतात. ७० बोअर आणि ५५ स्ट्रोक असेल तर २१२ सीसी.

प्लेटही बदललेली असू शकते. म्हणून शेवटचा पुरावा पिस्टनच. तो व्हर्निअरनं मोजायला मेकॅनिकला फार वेळ लागत नाही. फक्त वॉरंटीतली नवी मशीन स्वतः खोलू नये. विकणाऱ्याच्या समोर किंवा त्याच्या मेकॅनिककडूनच मोजून घ्यावी, नाहीतर तो हात वर करायला मोकळा.

नऊ सीसीनं काय बिघडतं?

बिघडतं ते ऐन हंगामात. पिस्टन बसला की शेतकरी बिल बघून ५२ सीसीचं ब्लॉक-पिस्टन मागवतो. येतं ४४ चं, मशीनमध्ये असतं ४० चं. नव्या पिस्टनच्या रिंगा जुन्या ब्लॉकला लागत नाहीत. परत पाठवा, पुन्हा मागवा. तोपर्यंत घास वाळतो नाहीतर मजूर लावावा लागतो.

दुसरं म्हणजे, ५२ समजून जड ब्लेड किंवा माती उकरायची जोडणी लावली जाते. लहान इंजिन फुल रेसवर ओढत राहतं, तापतं आणि जाम होतं. मग दोष येतो ऑइलच्या मापावर नाहीतर चालवणाऱ्यावर.

एचपीचा आकडा त्याहून निसरडा

सीसी निदान मोजता तरी येतो. एचपी शेतात मोजता येत नाही, त्याला मशीन लागते. शिवाय एचपी मोजायच्या पद्धती वेगळ्या. एअर फिल्टर, सायलेन्सर बाजूला ठेवून मोजलं तर आकडा मोठा, सगळं जोडून मोजलं तर लहान. होंडाच्या जीएक्स २०० या १९६ सीसी इंजिनाला पूर्वी साडेसहा एचपी म्हणत. पुढं सगळं जोडून मोजायची पद्धत आली आणि तेच इंजिन साडेपाच एचपीचं झालं. त्यामुळे तेवढ्याच सीसीच्या स्वस्त इंजिनावर ७ किंवा साडेसात एचपी छापलेलं दिसलं की थांबून विचारावं.

अमेरिकेत यावर मोठा खटला झाला. गवत कापायच्या मशीनवर एचपी फुगवून लिहिले, एकच इंजिन वेगवेगळ्या एचपीचं स्टिकर लावून वेगवेगळ्या किमतीला विकलं, असा ग्राहकांचा आरोप होता. २००४ मध्ये सुरू झालेलं हे प्रकरण २०१० मध्ये ६.५ कोटी डॉलरच्या तडजोडीवर मिटलं. कंपन्यांनी चूक कबूल केली नाही, पण पैसे दिले.

आपल्याकडं प्लेटचा खेळ नवा नाही. विहिरीवरची मोटार पाचची आणि प्लेट तीनची, हे गावोगाव माहीत आहे. तिथं आकडा कमी दाखवला जातो आणि शेवटी डीपी जळतो. कटरमध्ये आकडा जास्त दाखवला जातो आणि शेतकऱ्याचा खिसा जळतो.

कायदा कोणाच्या बाजूनं?

ग्राहक संरक्षण कायदा २०१९ हा २० जुलै २०२० पासून लागू आहे. मालाबद्दल खोटं वर्णन करणारी जाहिरात त्यात दिशाभूल करणारी धरली जाते. ‘शेतीसाठी घेतलं म्हणजे धंद्यासाठी घेतलं’ असं दुकानदार म्हणाला तर घाबरू नये. स्वतः राबून पोट भरण्यासाठी घेतलेल्या वस्तूचा घेणारा हा ग्राहकच असतो. कंपनी दिल्लीची असो की सुरतची, तक्रार आपण राहतो त्या जिल्ह्यात, म्हणजे बीडच्या जिल्हा आयोगात करता येते. पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला फी नाही. मुदत दोन वर्षं. त्याआधी १९१५ या हेल्पलाइनवर फोन करावा. ऑनलाइन विक्री करणाऱ्या कंपनीनं तक्रार मिळाल्याचं ४८ तासांत कळवायचं आणि महिन्याभरात निकाली काढायची, असा नियम आहे.

पण हे सगळं बिलावर अडतं. ‘ग्रास कटर – १ नग’ एवढंच लिहिलेल्या बिलाचा आयोगात काय उपयोग? घेताना दुकानदाराकडून इंजिन नंबर, बोअर, स्ट्रोक आणि सीसी बिलावर लिहून, सही-शिक्का घ्यावा. ऑनलाइन मागवताना जाहिरातीच्या पानाचा स्क्रीनशॉट ठेवावा, कारण पान उद्या बदलतं. पार्सल उघडताना व्हिडिओ काढावा आणि त्यात इंजिनावरचा नंबर दाखवावा. अनुदानातून घ्यायची असेल तर महाडीबीटीवर अर्ज करून, तपासणी अहवाल असलेलंच मॉडेल घ्यावं. त्या अहवालात मोजलेले आकडे असतात.

जो दुकानदार खरा माल विकतो त्याला पिस्टनचं माप लिहून द्यायला अडचण नसते. लिहून देत नसेल, तर त्या स्टिकरच्या भरवशावर पैसे मोजू नयेत.