दादाकडे पगारवाढ कशी मागायची?

आमच्या एजन्सीत कुणाला 'सर' म्हणायचं नाही, हा नियम पहिल्याच दिवशी सांगितला गेला. मालक म्हणजे दादा. अकाउंट्स बघायची ती त्याची बायको, म्हणजे वहिनी. ऑफिस एरंडवण्यातल्या जुन्या टू बीएचकेमध्ये. बेडरूममध्ये दादाची केबिन, किचनमध्ये प्रिंटर, आणि बाथरूममध्ये कुणाच्या तरी संसारातला गिझर अजून तसाच. 'आपण कंपनी नाही गं, फॅमिली आहोत,' हे वाक्य मी तीन वर्षांत इतक्यांदा ऐकलं की त्यावर एखादी कॅम्पेन निघाली असती.

आता सरळच बोलते. छोट्या एजन्सीतलं हे नात्यागोत्याचं प्रकरण गोडबिड काही नाही, ते धंद्याचं हत्यार आहे. सरांकडे पगारवाढ मागता येते. दादाकडे मागितली की तुम्ही घरच्या घरी हिशेब मांडणारे ठरता. सरांना सात वाजता 'निघते' म्हणता येतं. दादा रात्री साडेनऊला सगळ्यांसाठी पावभाजी मागवतो, स्वतः कांदा चिरतो, मग उठायचं कसं?

आणि या फॅमिलीत माणसं किती? कामाला सतरा, कागदावर नऊ. हा नऊचा आकडा उगाच नाही. महाराष्ट्राचा दुकाने व आस्थापना कायदा २०१७ साली आला, तेव्हा दिवसाला ९ तास, आठवड्याला ४८, आणि त्यावर काम करून घेतलं तर दुप्पट दराने पैसे, ही त्यातली कलमं दहा किंवा जास्त कामगार असलेल्या जागेला लागू होती. ग्रॅच्युइटीलाही दहा माणसं लागतात, पीएफला वीस. म्हणून आम्ही उरलेले आठ जण 'कन्सल्टंट'. महिन्याच्या पैशातून १० टक्के टीडीएस कापला जायचा, तो पुढच्या वर्षी रिटर्न भरून परत मागायचा. असला कन्सल्टंट, ज्याला सकाळी मशीनवर अंगठा लावावा लागतो आणि सव्वादहा वाजले की हाफ डे लागतो. कोर्टात गेलं तर हे टिकेलच असं नाही. पण दादावर केस कोण करतं?

'पण शिकायला किती मिळतं!' हे पुढचं वाक्य. मान्य, मिळतं. मी मराठी कॉपीरायटर म्हणून लागले होते. शिकले ते भाषांतर. मुंबईहून इंग्रजी किंवा हिंदी ओळ यायची आणि सोबत निरोप: 'याचं मराठी करून दे पटकन.' तुम्ही पेपरात आणि होर्डिंगवर वाचता ना, 'जगा ते आयुष्य, ज्याचे तुम्ही हकदार आहात' छापाची वाक्यं, जी कुठल्याही मराठी माणसाच्या तोंडून कधीच निघणार नाहीत? ती आम्ही लिहितो. एका फ्लॅटच्या जाहिरातीसाठी मी लिहिलं होतं, 'स्वयंपाकघरात सकाळचं ऊन येतं.' क्लायंट म्हणाला, प्रीमियम वाटत नाही. मग ऊन गेलं आणि 'अविस्मरणीय जीवनशैली' आली. ती आजही त्या साइटच्या पत्र्यावर आहे.

शब्दांना किंमत का नाही, याचं कारण धंद्याच्या मुळात आहे. वर्तमानपत्रं मान्यताप्राप्त एजन्सीला जागेच्या दरावर १५ टक्के कमिशन देतात. पैसा जागेचा, कॉपी आणि डिझाइन त्यावर फुकट, अशीच क्लायंटची पिढ्यान् पिढ्यांची समजूत. छोट्या एजन्सीला मान्यता नसते, ती मोठीच्या मार्फत जाहिरात देते आणि त्या पंधरातला वाटा सोडते. उरलेल्यातलंही क्लायंट 'थोडं ॲडजस्ट करा' म्हणून मागतो. शिवाय नवा क्लायंट हवा तर फुकटात पिच करायचं. पाच एजन्सींनी रात्री जागून केलेलं काम समोर मांडायचं, काम एकीला मिळणार, आणि उरलेल्या चौघींच्या आयडिया क्लायंटच्या लॅपटॉपमध्ये राहणार. इंटिरियरवाल्याकडून कुणी आधी घर सजवून घेऊन मग पैशाचं बघू म्हणत नाही.

दादा बिचारा कात्रीत असतो, हे मला कळतं. बिल काढलं की १८ टक्के जीएसटी पुढच्या महिन्यात भरावा लागतो, क्लायंटचे पैसे चार महिन्यांनी येतात. पण त्यावर कायदा आहे. छोट्या उद्योगाचं बिल जास्तीत जास्त ४५ दिवसांत द्यावं, नाहीतर व्याज, हे २००६ च्या कायद्यात लिहिलंय. २०२४ पासून तर अशी थकलेली रक्कम खर्च म्हणून दाखवायलाही क्लायंटला अडचण होते. दादाने हे कलम एकदाही काढलं नाही. क्लायंट दुखावेल ना! त्याला बिल्डरला दुखवायची भीती आणि आम्हाला दुखवायची अजिबात नाही. माझं भांडण पैसे नसण्याशी नाही, या हिशेबाशी आहे.

आमचे ऑपरेटर, त्यांना सगळे काका म्हणायचे. वय पन्नाशीचं, कोरल ड्रॉवर हात बसलेला. मी युनिकोडमध्ये लिहायचे, ते श्रीलिपीत उतरवायचे, आणि त्यात रफार आणि जोडाक्षरं फुटायची. 'सर्वोत्तम'चं काहीतरी भलतंच होऊन बसायचं. काका एकेक अक्षर हाताने नीट करायचे. २०२४ च्या पाडव्याच्या आदल्या आठवड्यात ते तीन रात्री घरी गेले नाहीत. बिल्डरच्या जाहिरातीत महारेराचा क्यूआर कोड टाकणं ऑगस्ट २०२३ पासून सक्तीचं आहे, नाहीतर ५० हजारांपर्यंत दंड. अकराव्या करेक्शनला क्लायंटने 'लोगो मोठा करा' म्हटलं, रात्री दोनला लेआउट हलवला, आणि एका जाहिरातीतून कोड पडला. प्रूफ मी वाचलं होतं, दादाने पास केलं होतं, क्लायंटने 'ओके' पाठवला होता. क्लायंटने दंडाचे पैसे आमच्या बिलातून कापले. दादाने ते काकांच्या दोन पगारांतून कापले.

माझा एक रुपया कापला नाही. मीही गप्प बसले, हे इथे लिहायलाच हवं. 'फॅमिलीत असं होतं,' वहिनी म्हणाली, आणि काका मान हलवून पुन्हा स्क्रीनकडे वळले.

तीनच आठवड्यांनी, ३० एप्रिलच्या रात्री पावणेबाराला ग्रुपवर दादाचा मेसेज आला. उद्याची महाराष्ट्र दिन आणि कामगार दिनाची पोस्ट सात क्लायंटसाठी हवी आहे, कष्टकऱ्यांना सलाम वगैरे, थोडं इमोशनल. मी लिहिलं. काकांनी लावलं. सुट्टी होती म्हणून घरून.

जूनमध्ये मी सोडलं. शेवटच्या महिन्याचे पैसे अजून यायचे आहेत. काका आता त्यांच्या मेव्हण्याच्या प्रेसमध्ये लग्नपत्रिका करतात. परवा फोन केला तर म्हणाले, 'तुला काही मागायचं असेल त्याच्याकडे, तर मेल कर गं. फोन केलास की पुन्हा दादा म्हणशील.'