घरची शाळा : फीच्या पलीकडचा हिशेब

मुलांना शाळेत न घालता घरीच शिकवावे का, असे इंदूरच्या आपल्या मंडळातली तरुण जोडपी हल्ली विचारतात. आधी कायदा पाहू. 2009 च्या शिक्षण हक्क कायद्याच्या कलम 10 नुसार सहा ते चौदा वयाच्या मुलाला जवळच्या शाळेत घालणे हे पालकांचे कर्तव्य आहे. न घातल्यास पालकांना दंड मात्र नाही. चार घरांची मुले जमवून रोजची शाळाच भरवली, तर कलम 18 च्या मान्यतेचा प्रश्न येऊ शकतो, आणि तिथे दंड 1 लाखापर्यंत आहे.

प्रमाणपत्रासाठी राष्ट्रीय मुक्त विद्यालय, म्हणजे एनआयओएस आहे. दहावीला किमान वय 14 लागते आणि मराठी माध्यमही घेता येते. आपल्यासाठी ही मोठीच सोय.

खरी अडचण वेळेची. स्वयंपाक, धाकट्याची झोप, सासऱ्यांच्या गोळ्या यांतून रोजचे दोन-तीन तास काढायचे कोणी? बहुधा सूनबाईंनी, तेही नोकरी सोडून. वाचलेली फी सगळे मोजतात. तिचा पगार, पीएफ, पाच-सहा वर्षांनी पुन्हा नोकरी मिळण्याची शक्यता कोणी वजा करत नाही. (आम्हा बँकवाल्यांना खर्चाची बाजू आधी दिसते!)

आजी-आजोबांनी मराठी वाचन आणि पाढे, वडिलांनी गणित घेतले, तर हे जमण्यासारखे आहे. एकटीवर पडणार असेल तर शाळाच बरी. मराठी संध्याकाळी घरी शिकवता येते. आठवड्याचे वेळापत्रक मांडून प्रत्येक तासापुढे कोण शिकवणार त्याचे नाव लिहा, मगच शाळेतून दाखला काढा.