बुडालेल्या बँकांचा हिशेब कोण देणार?

मा. गव्हर्नर, भारतीय रिझर्व्ह बँक, आणि मा. सहकार निबंधक, गुजरात राज्य, यांस,

मी सुरतेत लिंबायतला राहतो. खानदेशातून इथे लूमवर कामाला आलेल्या आमच्या माणसांनी घरासाठी, मुलीच्या लग्नासाठी जमवलेले पैसे सहकारी बँकेत ठेवले. संचालक ओळखीचा होता, निवडणुकीत मते मागायला दारात यायचा. त्या ओळखीवरच विश्वास होता.

मार्च 2001 मध्ये अहमदाबादची माधवपुरा मर्कंटाइल बँक कोसळली. शेअर दलाल केतन पारेख यांच्या व्यवहारांत तिचे शेकडो कोटी गेले, आणि गुजरातच्या अनेक नागरी सहकारी बँकांच्या ठेवी तिच्यात अडकल्या. पुढे सुरतेची डायमंड ज्युबिली बँकही बुडाली. नागरी बँकांवरचे दुहेरी नियंत्रण घातक आहे, हे माधवराव समितीने 1999 मध्येच सांगितले होते. तो अहवाल आपण वाचला होता ना?

परवाना आणि तपासणी रिझर्व्ह बँकेकडे. निवडणुका, मंडळाची बरखास्ती निबंधकांकडे. 1966 पासून हेच चालले होते. निबंधक राज्य सरकारचे अधिकारी. संचालक सत्ताधारी पक्षाचा असेल तर त्याच्यावरच्या कारवाईची फाइल कोणी पुढे सरकवायची? ठेवीदार एका कार्यालयात गेला की त्याला दुसऱ्याचा पत्ता मिळायचा.

संचालक आणि त्यांच्या नातेवाइकांना कर्ज देण्यावर बंदी आली 2003 मध्ये, घर जळून गेल्यावर. गुजरात सरकार आणि रिझर्व्ह बँक यांच्यातला समन्वयाचा करार 2005 चा. आता असे होणार नाही, असे आम्ही तेव्हा समजलो. मग 2019 मध्ये मुंबईची पीएमसी बँक अडकली, सुरुवातीला खातेदाराला फक्त 1,000 रुपये काढता येत होते, आणि 2020 मध्ये या बँकांवरच्या नियंत्रणाचा कायदा बदलला. प्रत्येक वेळी आधी आमचे पैसे का जावे लागतात?

ठेव विमा 1993 पासून 1 लाखावर होता. तो 5 लाख झाला फेब्रुवारी 2020 मध्ये. त्याआधी ज्यांच्या बँका बुडाल्या, त्यांना 1 लाखापुढच्या रकमेसाठी बँक गुंडाळणाऱ्या अवसायकाकडेच डोळे लावून बसावे लागले. हा अवसायक आजही निबंधकच नेमतात.

म्हणून मागणी एवढीच: सुरतेतल्या बुडालेल्या प्रत्येक बँकेचे थकबाकीदार कोण, त्यांत संचालकांचे नातलग किती, वसुली किती झाली आणि अवसायनावर खर्च किती झाला, हे आपण दोघांनी मिळून जाहीर करावे. दोघांच्या सहीने, तीन महिन्यांच्या आत. त्या वेळचे अनेक ठेवीदार आता सत्तरीच्या पुढे गेले आहेत.

आपला,
एक ठेवीदार, लिंबायत, सुरत