कोठार कोणाच्या दारी?

महाराष्ट्राचा इतिहास सातवाहनांपासून सांगण्याची आपल्याकडे रूढी आहे. लेणी, नाणी आणि शिलालेख तेथून मिळू लागतात, हे तिचे कारण. परंतु लेण्यांतील लेख दानाची नोंद ठेवतात. दान देण्याइतके धन कोणाच्या श्रमांतून साठले, याविषयी ते बहुधा मौन पाळतात. सातवाहनांच्या कितीतरी आधी ज्यांनी ही जमीन कसली, त्यांनी तर एकही लेख मागे ठेवला नाही. त्यांनी खापरे ठेवली. गावाच्या जुन्या पांढरीत ती आजही पायाखाली सापडतात.

खापराची साक्ष विश्वासार्ह का मानावी? भाजलेली माती कुजत नाही. मडके फुटते, टाकले जाते आणि त्याच्या जागी दुसरे येते. म्हणून वस्तीच्या प्रत्येक थरात त्या त्या पिढीची खापरे साचत जातात. अंगावरच्या समांतर रेषांवरून चाकाचा वापर कळतो, रंगावरून भट्टीतील हवा कळते. मोकळी हवा मिळाली तर लोहयुक्त माती तांबडी होते, हवा कोंडली तर काळी. मातीत मिसळलेल्या भुशाच्या ठशांवरून कधी कधी धान्यही ओळखता येते. थोडक्यात, खापर ही उत्पादनाच्या पद्धतीची नोंद आहे. इतिहास म्हणजे उत्पादनाची साधने आणि उत्पादनसंबंध यांत क्रमाने होत गेलेले बदल, अशी भूमिका दामोदर धर्मानंद कोसंबी यांनी १९५६ साली आपल्या ग्रंथात मांडली. तिच्या कसोटीला खापराइतके सामान्य माणसाच्या जवळचे दुसरे साधन क्वचितच सापडेल.

संगमनेरजवळ प्रवरेच्या काठी असलेल्या जोर्वे येथे १९५०-५१ मध्ये उत्खनन झाले आणि तांबड्या लेपावर काळ्या रंगाने भौमितिक नक्षी काढलेली, टिचकी मारली असता खणखणणारी भांडी उजेडात आली. कोकणपट्टी आणि विदर्भाचा काही भाग वगळता जवळजवळ साऱ्या महाराष्ट्रात ही घडण पसरलेली होती. यावरून कोणा सम्राटाची कल्पना करण्याचे कारण नाही. एक राज्य नसतानाही कौशल्य आणि देवघेव गावोगाव पोहोचू शकते, एवढेच यातून दिसते.

या संस्कृतीचे सर्वांत बोलके गाव म्हणजे पुणे जिल्ह्यातील घोड नदीकाठचे इनामगाव. डेक्कन कॉलेजने १९६८ ते १९८३ या काळात तेथे उत्खनन केले. इ. स. पूर्व सुमारे १६०० ते ७०० अशी नऊशे वर्षे तेथे वस्ती होती. शंभराहून अधिक घरे सापडली, कुंभाराची भट्टी सापडली. दगावलेली मुले दोन मडकी तोंडाला तोंड लावून घरातच पुरलेली आढळली. वस्तीच्या मध्यभागी पाच खोल्यांचे एक मोठे घर होते आणि त्याला लागून धान्याचे कोठार होते. त्याच घराच्या अंगणात चार पायांच्या मातीच्या रांजणात मांडी घालून बसविलेल्या पुरुषाचा सांगाडा मिळाला.

मुलांनाही मडके मिळाले आणि त्या पुरुषालाही मिळाले. पण त्या दोन मडक्यांत अंतर आहे. तो पुरुष गावाचा प्रमुख असावा आणि गावचे धान्य त्याच्या देखरेखीखाली साठत असावे, असा तर्क संशोधकांनी केला आहे. तो तर्कच आहे, हे विसरता कामा नये. ते धान्य लोकांनी खुशीने दिले की त्यांच्याकडून घेतले गेले, हे रांजण सांगू शकत नाही. तरीही एवढे निश्चित की वरकड धान्य निर्माण झाले होते, ते साठत होते आणि कोठाराची जागा गावातील सर्वांत मोठ्या घराजवळ होती.

येथे दोन भ्रम गळून पडतात. शेतीच्या आरंभीचे गाव म्हणजे निर्भेळ समतेचे सुवर्णयुग, हा पहिला. तो पुरोगामी वर्तुळांतही आढळतो. विषमता माणसाच्या स्वभावातच आहे, हा दुसरा. तो सत्ताधाऱ्यांना नेहमीच सोयीचा असतो. इनामगावची खापरे दोघांनाही दुजोरा देत नाहीत. विषमतेला आरंभ असतो आणि ठिकाण असते. पीक किती आले याबरोबरच साठ्यावर हात कोणाचा, यावरही ती ठरते.

इ. स. पूर्व १००० च्या सुमारास पाऊसमान घटले, असे उत्खनकांचे मत आहे. त्यानंतरच्या थरांत भांडी ओबडधोबड होतात, नक्षी विरळ होते, चौकोनी घरांच्या जागी लहान गोल झोपड्या येतात. पुढे इ. स. पूर्व ७०० च्या सुमारास गाव उजाड झाले.

सह्याद्रीच्या पर्जन्यछायेतील याच पट्ट्याने १९७२ चा दुष्काळ सोसला. त्यातून रोजगार हमी योजना उभी राहिली आणि १९७७ मध्ये तिला कायद्याचे रूप मिळाले. काम मागणे ही याचना नसून तो हक्क आहे, हे त्या कायद्याने मान्य केले. २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्याने हेच तत्त्व धान्याला लावले. इनामगावचे कोठार आणि हे कायदे यांच्यामध्ये सुमारे तीन हजार वर्षांचे अंतर आहे. या अंतराचे मोल कार्यकर्त्याने ओळखले पाहिजे. कोठार प्रमुखाच्या दारी असेल तर धान्य ही त्याची मर्जी ठरते. ते लोकांच्या हक्काचे झाले तरच तिचे रूपांतर न्यायात होते. रेशन दुकानाच्या रांगेत उभ्या असलेल्या बाईला हा हक्क प्रत्यक्षात मिळतो की नाही, यावर आपल्या काळाची खापरे उद्या साक्ष देतील.